बसण्याचा रकाना

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता धुळ्याच्या देवपूर भागातील एका घरात, स्वयंपाकघराच्या बरोबर मध्यभागी, सिमेंट काँक्रीटचा ओटा घालण्यात आला. लांबी सहा फूट, रुंदी अडीच फूट, उंची दोन फूट दहा इंच. घरात चार माणसे होती. त्यांपैकी तिघांना त्या जागी ओटा नको, जेवणाचे टेबल हवे होते. चौथे घराचे मालक होते.

मी त्यांचा भाडेकरू. वरची एक खोली माझ्याकडे होती आणि रात्रीचे जेवण खाली, त्यांच्याकडे. सुटीच्या दिवशी दोन्ही वेळचे. धुळ्याच्या बातम्या जळगावच्या एका दैनिकाला पाठवणे हे माझे काम होते. संध्याकाळच्या यष्टीच्या कंडक्टरकडे पाकीट दिले की दिवस संपला. ऐंशीचे दशक संपत आले होते. या ओट्याची हकिकत मला नेमकी ठाऊक आहे, कारण ज्या कागदावरून तो घालायचे ठरले, त्या कागदावर अक्षर माझे होते.

मालकांना सगळे नाना म्हणत. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. साक्री, शिरपूर, अमळनेर, चोपडा या बाजूच्या नाल्यांवर फरशी पूल बांधण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती, पण शर्टाच्या खिशातला पोलादी टेप निवृत्त झाला नव्हता. तो आत सरकताना 'खट्' असा आवाज होई. त्या आवाजावरून नाना घरात कुठे आहेत ते कळे.

मी राहायला आलो त्या दिवशी त्यांनी मला भिंतीशी उभे करून मोजले. पाच फूट साडेसहा इंच. खुंटी कोणत्या उंचीवर ठोकायची, हे ठरवायला. पुढे दोन महिन्यांनी मी कोणाला तरी माझी उंची पाच-सहा सांगितली, ती त्यांनी जिन्यातून ऐकली.

"ओ वार्ताहर," ते म्हणाले, "अर्धा इंच कशाला सोडता? तुमचाच आहे."

नवी सून घरात आली तेव्हा तिच्या पहिल्या भाकरीचा व्यास त्यांनी घेतला होता. नऊ इंच. त्यात नावे ठेवण्याचा हेतू नव्हता. "नोंद असावी," एवढेच ते म्हणाले. ओल्या काँक्रीटचा घट्टपणा तपासायला ते साच्यातून जमिनीवर उपडे करतात आणि ढीग किती खचला ते मोजतात. नाना खिचडीची वाटी ताटात उपडी करून तसेच करत. "दीड इंच खचली. चालेल," असे म्हणून मग पहिला घास घेत.

ते वाद घालत नसत. दोन माणसांची दोन मते झाली की "साइटवर बघू" म्हणत आणि टेप काढत. टेप त्यांच्या विरुद्ध गेला तरी त्यांना चाले. एकदा कुंपणाच्या भिंतीला रंग देताना त्यांनी सहज माप घेतले आणि आपलीच भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत चार इंच गेलेली त्यांना आढळली. शेजाऱ्याची तक्रार नव्हती. त्याला ते ठाऊकही नव्हते. दुसऱ्या दिवशी नानांनी भिंत पाडली आणि चार इंच आत घेऊन पुन्हा बांधली. शेजारी "राहू द्या नाना, राहू द्या" म्हणत मधे उभा होता. त्याला बाजूला करावे लागले.

मधल्या ओट्याची कल्पना त्यांना एका चित्रावरून सुचली होती. नोकरीत असताना एका डाक बंगल्यात कोणी इंजिनिअर परदेशी मासिक विसरून गेले होते. त्यातले एक पान नानांनी फाडून जपले होते. 'भविष्यकालीन कामे' असे लिहिलेल्या फायलीत ते होते. चित्रात स्वयंपाकघराच्या मधोमध ओटा, त्याच्या एका बाजूला उभी राहून रांधणारी बाई आणि समोर उंच स्टुलांवर बसलेला नवरा व दोन मुले. चौघेही हसत होते.

"बघा," नानांनी मला ते दाखवले. "हिची पाठ कोणाकडेच नाही. आमच्याकडे गॅस आला, ओटा भिंतीला लागला, तेव्हापासून आम्ही अक्कांची पाठ बघत जेवतोय."

अक्का म्हणजे त्यांची पत्नी. बायकोला ते सर्वांसारखे अक्काच म्हणत. चार फूट नऊ इंच. हे माप नानांचे. नाना घरातही खात्यातलीच मराठी बोलत, अक्का अहिराणी बोलत. सगळ्यांची जेवणे झाली की त्या ताट मांडीवर घेऊन उंबऱ्यापाशी बसत आणि उरले असेल ते खात. लग्न झाल्यापासून असेच चालले होते. त्यांना टेबल हवे होते. का हवे, ते त्यांनी मला एका दुपारी तांदूळ निवडता निवडता सांगितले.

"टेबल उनं म्हंजे खुर्च्या येतीस, भाऊ. मोजीसन सहा. त्यामधली एक मन्ही." मग आतल्या खोलीकडे मान करून हळू म्हणाल्या, "मन्हं सोडा. पन ही पोर बी आते उभीच ऱ्हास."

पोर म्हणजे सून. चोपड्याची. सासू जेवायला बसल्याशिवाय ती बसत नसे, त्यामुळे उंबऱ्यापाशी आता दोन ताटे लागत. मुलगा अमळनेरला नोकरीला होता, यष्टीने जाऊन-येऊन करायचा. त्याचे मत आईसारखेच होते, पण घरी येईपर्यंत ते मांडण्याइतका जीव त्याच्यात उरत नसे.

नानांनी मते ऐकून घेतली आणि "साइटवर बघू" म्हणाले.

मार्चमध्ये चाचणी झाली. एक आठवडा टेबल, एक आठवडा ओटा. टेबलासाठी डांबराची दोन रिकामी पिंपे आणली, त्यांवर स्लॅबखाली लावतात त्या फळ्या टाकल्या, वरून चादर. खुर्च्या शेजारून आल्या. भिंतीचे चार इंच मिळालेल्या त्या शेजाऱ्याला नाही म्हणणे शक्य नव्हते. दुसऱ्या आठवड्यासाठी विटा नुसत्या रचून वर शहाबादी फरशी ठेवायची होती. नोंद ठेवायला तटस्थ माणूस हवा म्हणून मला नेमले. वही नानांनी आखून दिली. रकाने असे: वार, पदार्थ, सुरुवात, शेवट, सांडलवंड, अक्कांचे उठणे. शेवटचा रकाना महत्त्वाचा, असे त्यांनी बजावले. जेवताना अक्कांना किती वेळा उठावे लागते, यावर निकाल होता.

पहिल्या दिवशी टेबलावर अक्का चौदा वेळा उठल्या. भांडी समोरच आहेत हे त्यांच्या ध्यानात राहत नव्हते. मुलाने पाणी मागितले की त्या उठून माठाकडे जात. तांब्या मुलाच्या कोपराला लागलेला असे. तिसऱ्या दिवशी नऊ वेळा. चौथ्या दिवशी वरण-बट्टी होती. मुलाने त्या दिवशी यष्टीत एका म्हाताऱ्याने पिशवीतल्या कोंबडीचे अर्धे तिकीट कसे मागितले ते सांगितले. अक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी त्यांच्या वडिलांच्या बैलगाडीची एक गोष्ट सांगितली. ती या घरात आधी कोणीच ऐकली नव्हती, नानांनीही नाही. सुनेने त्या रात्री माहेरी पत्र लिहिले. सातव्या दिवशी उठणे पाचवर आले. बैलगाडीच्या गोष्टीला वहीत रकाना नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात विटांचा ओटा रचला. अक्का एका बाजूला उभ्या, आम्ही समोर. तव्यावरची पोळी थेट ताटात. सून त्यांच्या शेजारी उभी राहून लाटत होती. पहिल्या दिवशी उठणे शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. सातही दिवस शून्य. मी सात शून्ये लिहिली.

रविवारी सकाळी टीव्हीवरची मालिका संपल्यावर नानांनी निकाल वाचला. "टेबल. एकूण उठणे त्रेसष्ट. ओटा. एकूण उठणे शून्य." त्यांनी चष्मा काढला. "मी काही बोलत नाही. वही बोलतेय."

अक्का दारात उभ्या होत्या. "आनि बसानं?" त्यांनी विचारले.

"काय?"

"उठानं लिखं. बसानं कोठे लिखं?"

नानांनी वही पुढून मागून पाहिली. "नमुन्यात तो रकाना नाही."

अक्का आत गेल्या. नानांनी मला सही करायला सांगितले. आकडे बरोबर होते. मी सही केली.

ओट्याच्या कामाला नानांनी ओळखीचा गवंडी बोलावला. नोकरीत असताना तो त्यांच्या हाताखाली मोऱ्यांची कामे करायचा, नाल्यावरच्या. आत बांधायच्या लोखंडी सळ्या पाहून तो थांबला.

"नाना, याच्यावरून ट्रक जाणार आहे का?"

"जाणार नाही," नाना म्हणाले. "पण गेला तर?"

गल्लीत ओट्याला 'नानांचा फरशी पूल' हे नाव दुपारपर्यंत पडले होते.

पुढे एकवीस दिवस ओट्याला कोणी हात लावायचा नव्हता. त्यावर गोणपाटे टाकून ती सकाळ-संध्याकाळ ओली ठेवायची होती. देवपुरात नळाला दिवसाआड पाणी येई. त्यावर पहिला हक्क ओट्याचा होता. स्वयंपाक मागच्या पडवीत स्टोव्हवर होत होता, जेवण घराशेजारच्या बोळात. अक्का कळशी घेऊन ओट्यावर पाणी शिंपत, तेव्हा नाना मागे उभे राहून "कोपरे, कोपरे" म्हणत.

बाविसाव्या दिवशी वापर सुरू झाला. उंची नानांच्या कोपराच्या मापाने धरलेली होती, म्हणून अक्कांना पाटावर उभे राहावे लागले. सुताराकडून चार उंच स्टुले आली होती. नाना, मुलगा, सून आणि मी. नानांनी जेवणारी माणसे मोजली होती. सून सासूला उभी ठेवून बसेना, त्यामुळे चौथ्या स्टुलावर लोणच्याची बरणी बसली.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात, त्यांना न्यायला माहेरचे माणूस येते. सुनेचे वडील चोपड्याहून आले ते टेम्पो घेऊन. टेम्पोत सागवानी टेबल होते आणि सहा खुर्च्या. मुलीचे पत्र त्यांना मिळाले होते. त्यात लिहिले होते की, आता आमच्याकडे सगळे एकत्र बसून जेवतात, टेबल मात्र पिंपांवर आहे. त्यांनी त्याच दिवशी सुतार धरला होता.

"नाना, सांगा कुठे ठेवू?" असे म्हणत ते स्वयंपाकघरात शिरले आणि थबकले. "हाई काय शे?"

"ओटा," नाना म्हणाले.

"मले वाटनं कोनी समाधी शे."

सून पदर तोंडाला लावून बाहेर गेली. नानांनी टेप काढला. ओट्याच्या चारी बाजूंना जागा उरत होती ती प्रत्येकी दोन फूट नऊ इंच. टेबल साडेतीन फूट रुंद होते. बाहेरच्या खोलीत पलंग होता, टीव्ही होता, आणि भिंतीला लागून नानांची फायलींची कपाटे.

"परत नेऊ का मग?" व्याह्यांनी विचारले. कोणालाही 'हो' म्हणता येणार नाही अशा आवाजात त्यांनी ते विचारले होते.

शेवटी टेबल वर न्यायचे ठरले. माझ्या खोलीपुढे पत्र्याचे छप्पर असलेली गच्ची होती. जिन्याचे वळण टेबलाला पुरेना, म्हणून नानांनी कठड्यावर लाकडी बल्ली टाकली, कप्पी बांधली आणि दोराने ते वर घेतले. "ढील! ढील! ताण!" असे ते रस्त्यावरून ओरडत होते. मी त्यांना इतके आनंदात आधी पाहिले नव्हते. "वार्ताहरांना लिहायला होईल," ते खाली उतरलेल्या व्याह्यांना म्हणाले. व्याह्यांनी चहा अर्धा ठेवला. लेकीला टेम्पोत पुढे बसवले आणि निघून गेले. अक्का फाटकाशी टेम्पो दिसेनासा होईपर्यंत उभ्या होत्या.

आखाजीच्या दिवशी घरात अक्का एकट्याच करणाऱ्या. आमच्याकडे त्या दिवशी मांडे असतात. पुरणाची पोळी हातांवर मोठी करत नेऊन उपड्या खापरावर टाकायची. खापराला लाकडाची चूल लागते आणि चुलीपुढे बसावे लागते. मधल्या ओट्यावर ते जमणारे नव्हते. अक्कांनी मागच्या अंगणात निंबाखाली चूल मांडली आणि सकाळपासून तिथे बसून मांडे केले. नानांनी एकदा येऊन मांड्याचा व्यास घेतला. बावीस इंच. मग ते परत गेले.

दुपारी साडेबाराला नाना, मुलगा आणि मी स्टुलांवर बसलो. अक्कांनी मांडे, आमरस, कुरडया असे सगळे ओट्यावर आणून ठेवले आणि तिघांना वाढले. मग आणखी एक ताट वाढले आणि ते घेऊन जिना चढून वर गेल्या. आखाजीला पितरांचे ताट वाढतात. कावळ्यासाठी ते उघड्यावर ठेवायला गेल्या असणार, असे नानांना वाटले, आणि तसे ते म्हणाले.

आम्ही जेवू लागलो. नानांच्या वाटीतला रस संपला. त्यांनी वाटी किंचित पुढे सरकवली आणि थांबले. रसाचे पातेले ओट्याच्या पलीकडच्या कडेला, अक्का उभ्या राहत त्या बाजूला होते.

"अक्का अजून आल्या नाहीत," ते म्हणाले.

"कावळा शिवत नसंल," मुलगा म्हणाला.

आणखी काही मिनिटे गेली. नानांनी हात धुतला आणि वर निघाले. त्यांच्यामागे मुलगा, त्याच्यामागे मी.

गच्चीवर सागवानी टेबलाच्या एका टोकाला अक्का खुर्चीत बसल्या होत्या आणि जेवत होत्या. त्यांचे पाय जमिनीला पोचत नव्हते. ते त्यांनी खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले होते. ताटातला अर्धा मांडा संपला होता. आम्हाला पाहून त्या उठल्या नाहीत.

"इथे काय चाललंय?" नानांनी विचारले.

"जेवी राहिनू," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, ती वही शे का तुमनाजोडे?"

वही माझ्या खोलीतच होती. मी ती आणली.

"लिखा. उठानं, शून्य."

मी नानांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे. शून्य."

"आते बसानं लिखा."

मी पेन धरून थांबलो. रकाना नव्हता. नानांनी वही माझ्या हातून घेतली, टेपची पोलादी पट्टी कागदावर आडवी धरली, समासात एक सरळ रेघ ओढली आणि वर लिहिले: बसणे. घड्याळ पाहिले.

"किती वाजल्यापासून?"

"तुमले वाढीसन वर उनू ना, तवपासून."

नानांनी 'अकरा मिनिटे, चालू' असे लिहिले. त्यानंतर ते मागच्या पानांवर गेले. टेबलाच्या आठवड्यात अक्का रोज साधारण किती वेळ बसल्या, ते त्यांनी मला विचारले. मला आठवत होते ते मी सांगितले. मग ओट्याच्या आठवड्याचे विचारले.

"एकदाही नाही," मी सांगितले.

त्यांनी सात शून्ये लिहिली. माझ्या शून्यांच्या शेजारी ती ओळीने उभी राहिली. नानांनी दोन्ही ओळींवरून बोट फिरवले.

"बसल्याच नाहीत, तर उठतील कुठून," ते म्हणाले. "मोजमाप चुकलंय. माझं." बाजूला दुरुस्तीची आद्याक्षरे टाकली, वही मिटली आणि खुर्ची ओढून बसले. मुलगाही बसला.

"रस खाले शे," अक्का म्हणाल्या आणि जेवत राहिल्या.

थोड्या वेळाने नाना उठले आणि खाली जाऊन पातेले घेऊन आले. येताना त्यांनी पायऱ्या मोजल्या. सतरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तोच गवंडी दोन मजूर घेऊन आला. ओटा काढायचा होता. छिन्नी-हातोड्याने तीन दिवस काम चालले. दोन छिन्न्यांची टोके गेली, एक पहार वाकली. ओट्याचा वीतभर कोपरा निघाला आणि आतल्या सळ्या दिसू लागल्या. जास्त जोर लावला तर खालची जमीन आणि शेजारची भिंत हलेल, असे गवंडी म्हणाला.

"नाना, तुम्हीच म्हणले होते, ट्रक गेला तर."

नाना वाकून तुटलेल्या कोपऱ्यात पाहत होते. त्यांनी आतले काँक्रीट नखाने खरवडले. "काम चांगलं झालंय," ते म्हणाले. आवाजात समाधान होते, आणि ते लपवण्याचा प्रयत्न दिसत होता.

कोपरा पुन्हा भरून घेतला. सून चोपड्याहून परतली तेव्हा जेवणे वर सुरू झाली होती. स्वयंपाक खाली, जेवण गच्चीवर, माझ्या दारापुढे. सतरा पायऱ्यांवरून भांडी वर आणणे हे काम नानांकडे होते. ते त्यांनीच स्वतःकडे घेतले. कोणी सांगितले नव्हते. ओट्यावर सून लाटायला उभी राही, तेव्हा अक्का स्टुलावर चढून बसू लागल्या. लोणच्याची बरणी फडताळात गेली. उन्हाळ्यात ओट्यावर पापड लाटले जात आणि दुपारी, तो गार असे म्हणून, मुलगा सुटीच्या दिवशी त्यावर झोपे. सहा फुटांत तो बरोबर मावत होता.

दीड वर्षाने माझी जळगावला बदली झाली. निघताना नानांनी माझी उंची पुन्हा मोजली. फरक नव्हता. वही त्यांनी ठेवून घेतली.

नव्वदचे दशक अर्धे सरले असताना मी कामासाठी धुळ्यात होतो आणि देवपूरला गेलो. ओटा जागेवर होता. भरलेल्या कोपऱ्याचा रंग वेगळा दिसत होता. बाकी त्याला कुठे तडा नव्हता. टेबल वर होते. नाना झोपले होते. अक्कांनी वर नेऊन मला चहा दिला, समोर बसून स्वतःही घेतला आणि ती वही माझ्यापुढे टाकली. "बठ्ठी भरी टाकी त्यासनी," त्या म्हणाल्या. "न्या तुमनी तुम्ही."

ती माझ्याकडे आहे. शेवटच्या भरलेल्या पानावर सगळे अक्षर नानांचे आहे आणि रकाने नव्याने आखलेले आहेत. अक्का: उठणे शून्य, बसणे पस्तीस मिनिटे. सूनबाई: उठणे शून्य, बसणे पस्तीस मिनिटे. चिरंजीव: उठणे दोन, बसणे तीस मिनिटे. स्वतः: उठणे अकरा, जिन्यासह; बसणे नऊ मिनिटे. सांडलवंड: नाही. खाली त्यांची सही आहे.